देवालयाचा स्वभाव आणि वेशीबाहेरची वस्ती

चैत्र शुद्ध नवमीस मध्यान्ही पाळणा हलतो, गुलाल उधळला जातो, सुंठवडा हातावर पडतो आणि गावोगावची राममंदिरे जन्मोत्सवाच्या गजराने दुमदुमून जातात. मुळशी खोऱ्याच्या इतिहासात मात्र या तिथीला आणखी एक अर्थ आहे. १९२१ साली १६ एप्रिल रोजी, रामनवमीच्याच मुहूर्तावर, हजार-बाराशे मावळे शेतकरी टाटा कंपनीच्या धरणाच्या जागी जाऊन बसले आणि मुळशीच्या सत्याग्रहास प्रारंभ झाला. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर बांध घालून मुंबईस वीज पुरवावयाची, आणि त्यापायी पन्नासएक गावांतील दहा-अकरा हजार माणसांच्या जमिनी पाण्याखाली घालावयाच्या, असा तो बेत होता. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव इत्यादी मंडळी या लढ्यात उतरली. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. अशा कामाच्या आरंभासाठी एखादा सभेच्या सोयीचा रविवार न निवडता रामजन्माची तिथी निवडावी, यात त्या भोळ्या भाविकांचे मन दिसते. रामराज्यात कोणाची जमीन बळाने घेतली जात नाही, एवढा रामकथेचा अर्थ त्यांस कोणा शास्त्र्याने सांगावा लागला नव्हता.

लढा तीन वर्षे चालला आणि शेवटी फसला. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा सरकारच्या हाती होता. पुण्यातील ज्या सावकारांच्या नावे खोऱ्यातील पुष्कळ जमिनी चढल्या होत्या, त्यांतील अनेकांना जमीन राहण्यापेक्षा मोबदला वाढून मिळण्यात अधिक रस होता. १९२७ च्या सुमारास धरण पुरे झाले. गावे बुडाली, त्यांच्याबरोबर गावांतील देवही बुडाले. वारकऱ्यांस आम्ही एक गोष्ट नेहमी सांगतो, ती येथेही सांगण्यासारखी आहे. मुळा पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. म्हणजे मुळशीचे पाणी जन्मतः पंढरीच्या वाटेवरचे वारकरी. धरणाने त्याचे तोंड फिरविले; ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस भिऱ्याच्या वीजघरात उतरते आणि कुंडलिकेतून समुद्रास मिळते. ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडा-पतवंडांपुढे आज आम्ही कीर्तनास उभे राहतो.

या बाजूच्या कीर्तनांत, विशेषतः हिंजवडी, माण, मारुंजीकडे नव्या वसाहती उठल्यापासून, उत्तररंग आटोपून आरती झाली की श्रोत्यांतील कोणी ना कोणी एक प्रश्न हमखास काढतो. प्रश्न असा की, "बुवा, ख्रिस्ती मंडळी दवाखाने काढतात, शाळा काढतात, आदिवासी पाड्यांवर जातात आणि माणसे आपलीशी करतात. आपल्या देवळांपाशी पैसा आहे, माणसे आहेत. मग आपल्याकडून हे का होत नाही?" या प्रश्नात थोडा संताप असतो, थोडी भीती असते आणि पुष्कळशी प्रामाणिक बोचणीही असते. संतापाला उत्तर देणे सोपे. बोचणीला उत्तर देणे कठीण, आणि आम्हांस त्याच उत्तराचा शोध घ्यावयाचा आहे.

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यात उरकून घेऊ. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने धर्माच्या आचरणाबरोबर प्रचाराचाही हक्क दिला आहे. परंतु १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे हा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा हक्क नव्हे. जबरदस्ती, फसवणूक वा आमिष दिसेल तेथे न्यायालय आहे, पोलीस आहेत. यापलीकडे या बाजूविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. कारण उद्या देशातील एकूण एक मिशन बंद झाले तरी "आपल्याकडून का होत नाही" हा प्रश्न जसाच्या तसा उभा राहील.

'चर्च' या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे उंच मनोऱ्याची इमारत उभी राहते. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या मूळ ग्रीक भाषेत मात्र त्या जागी 'एक्लेसिया' हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ इमारत असा नसून बोलावून एकत्र केलेली माणसांची सभा असा आहे. आपल्याकडील शब्द पाहा: देवालय, देवगृह, प्रासाद. हे सारे वास्तुवाचक शब्द आहेत. देवाचे घर, आणि आपण त्या घरी दर्शनास जाणारे. त्यांच्याकडे सभासदांची यादी असते. आज कोण आला नाही, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे पाद्र्यास ठाऊक असावे लागते. आपल्याकडे दर्शनार्थी येतो, घंटा वाजवितो, तीर्थ घेतो आणि जातो. तो कोण, कोठला, उपाशी आहे की तृप्त, हे विचारण्याचे कर्तव्य कोणावर नाही. यात आपले एक मोठे औदार्यही आहे हे विसरू नये. देवळाच्या पायरीवर कोणी कोणाचे मत विचारीत नाही, दर्शनाच्या बदल्यात कोणास काही कबूल करावे लागत नाही. परंतु याच औदार्याच्या पोटी एक बेफिकिरी वाढते. जो कोणाचाच सभासद नाही, त्याच्या उपासाची नोंद कोणाच्याच वहीत होत नाही. उलट जेथे सभासदत्व आहे तेथे नोंद आहे, आणि जेथे नोंद आहे तेथे ती वही वाढविण्याचा मोहही आहे. एका घडणीचे गुण आणि दोष असे एकाच मुळातून फुटतात.

सगळी चर्चेसही एका स्वभावाची नसतात. पुणेकरांच्या परिचयाचे उदाहरण घ्यावयाचे तर पंच हौद मिशनचे घेता येईल. शहराच्या ऐन पेठवस्तीत, इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे स्थापन झालेल्या संन्यस्त पाद्र्यांच्या संघाने आणि वाँटेज येथील भगिनींनी ते चालविले. व्रतस्थ जीवन, ठरलेल्या घटकेस ठरलेली प्रार्थना, कडक शिस्त असा त्या मंडळींचा स्वभाव. म्हणून त्यांची सेवाही शाळा आणि वसतिगृहे अशा शिस्तीच्या चौकटीतली झाली. मूल चौकटीत आले तर त्याचे कल्याण होणार, आणि चौकट अर्थातच त्यांच्या धर्माची. आपल्या लोकांनी त्या मिशनची आठवण कशासाठी ठेवली, हे पाहणे मौजेचे आहे. १८९० साली गोपाळराव जोशी यांनी रानडे, टिळक आदी प्रतिष्ठितांस तेथे नेले, पुढे चहाचे पेले आले, काहींनी चहा घेतला, काहींनी पेल्यास नुसता हात लावला, आणि मग ग्रामण्य माजून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. कोणी चहा प्याला आणि कोणी प्रायश्चित्त घेतले यावर पुण्याने वर्षदोन वर्षे शाई आटविली. त्या आवारात कोणाची अनाथ मुले राहतात, ती तेथवर का आली, यावर कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

याच पुण्यात आणि याच जिल्ह्यात एक दुसरे उदाहरण घडले, आणि ते आम्हां हरदास-पुराणिकांस अधिक जवळचे व अधिक दुःखाचे आहे. पंडिता रमाबाई या आमच्याच व्यवसायातील घरच्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न शास्त्री. पत्नीस त्यांनी संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने आपल्या लेकीस. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, देवळाच्या ओसरीवर पुराण सांगे आणि श्रोत्यांच्या दक्षिणेवर निर्वाह करी. पुढे दक्षिणेत १८७४ पासूनच्या दुष्काळाच्या वर्षांत आईवडील गेले, बहीण गेली. भागवताची सहस्रावधी पद्ये मुखोद्गत असलेले हे कुटुंब तीर्थक्षेत्रांच्या वाटेवर अन्नान्न करीत संपले. ज्या देवळांच्या ओसरीवर त्यांनी वर्षानुवर्षे पुराण सांगितले, त्यांतील एकाही देवळाच्या कोठारातून त्यांच्यासाठी शिधा निघाला नाही. आमचा व्यवसाय करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

रमाबाई भावासह कलकत्त्यास पोहोचल्या, १८७८ साली तेथील विद्वानांनी त्यांस 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. विवाह झाला, दीड-दोन वर्षांत वैधव्य आले, पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पंच हौदांच्या भगिनींचे मूळ पीठ तेच. परंतु रमाबाईंचा स्वभाव त्या पीठात मावला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, आमची संस्कृत अक्षरे का नकोत, असा वाद त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी घातला. शाकाहार सोडला नाही. बुद्धीला न पटणारे मत केवळ अधिकाऱ्याने सांगितले म्हणून मानण्याचे नाकारले. अनंतशास्त्र्यांची कन्या कोठेही गेली तरी पूर्वपक्ष मांडल्यावाचून राहणार नव्हती.

१८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. उच्चवर्णीय विधवांस शिक्षण द्यावयाचे, धर्माच्या बाबतीत कोणतीही सक्ती वा शिकवण करावयाची नाही, अशी बोली होती; म्हणूनच रानडे, भांडारकर यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार झाले. मुली रमाबाईंच्या खोलीत त्यांच्या प्रार्थनेस बसू लागल्या तेव्हा 'केसरी'ने तोफ डागली, आणि १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. या प्रकरणात आमचे मत स्पष्ट आहे. बोली एक आणि वर्तन दुसरे असे झाले असेल तर आपल्या पूर्वजांची तक्रार न्याय्य होती, आणि विश्वासावर सोपविलेल्या लहान मुलींच्या बाबतीत तर ती अधिकच न्याय्य होती. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी दार बंद करून प्रार्थना का करावी? तेही समजण्यासारखे आहे. जिच्या अंतःकरणात श्रद्धा उसळते आहे तिच्या घरात तटस्थता टिकत नाही. संस्थेचा कागद काहीही म्हणो, संस्था चालते ती चालविणाऱ्याच्या स्वभावावर.

यानंतर आला १८९६-९७ चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत होती. रमाबाई तेथे गेल्या आणि अनाथ मुली, तरुण विधवा यांस घेऊन आल्या. पुण्यात प्लेग सुरू झाला होता, शहरात इतक्यांस ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव येथे घेतलेल्या माळावर त्यांनी तंबू-झोपड्या उभारल्या. तेच 'मुक्ती' सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती-फळबागा केल्या, हातमाग, घाणा, छापखाना चालविला. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, अंध मुलींसाठी निराळी व्यवस्था झाली. पंच हौदांच्या शिस्तबद्ध वसतिगृहाहून हे काम किती निराळे आहे पाहा. येथे चौकट आधी आणि मूल मागाहून असे नव्हते. भूक आधी होती. हे वेगळेपण ख्रिस्ती पोथीतून आले म्हणावे तर पोथी दोन्ही ठिकाणी एकच होती. ते आले त्या पोरीच्या आठवणीतून, जिने आपल्या आईला अन्नावाचून मरताना पाहिले होते. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई निवर्तल्या. त्याआधी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी हाताखालच्या स्त्रियांना घेऊन पुरे केले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

त्या मुली ख्रिस्ती झाल्या, ही गोष्ट आम्ही लपवीत नाही आणि आम्हांस ती सुखाचीही वाटत नाही. तथापि हिशेब मांडावयाचा तर दोन्ही बाजूंचा मांडावा लागतो. दुष्काळात त्या मुली ज्या ज्या गावांतून उचलल्या गेल्या, त्या प्रत्येक गावात देऊळ होते, देवळास इनाम होते आणि उत्सव होत होता.

शारदा सदनाच्या वादातून हिंदू समाजाने काय घेतले? बहुतेकांनी संताप घेतला. एका माणसाने धडा घेतला. सदनातील गोदूबाई या विधवेशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला, आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०० पासून तो आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नांदू लागला. तेथे विधवेस विद्या होती, पायावर उभे राहण्याचे साधन होते आणि आपल्या घरचे कुलाचार पाळण्याची मोकळीकही होती. कर्वे भजनी नव्हते, कीर्तनकार नव्हते, गणित शिकविणारे गृहस्थ होते. म्हणून त्यांच्या संस्थेचा स्वभावही जमाखर्च चोख ठेवणारा, पायरीपायरीने चढणारा, निमूटपणे चालणारा असा झाला. रमाबाईंच्या संस्थेतील ऊर्मी तेथे नव्हती, पण बोलीभंगही नव्हता.

जाता जाता आमच्या कलेविषयी एक गोष्ट. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. साहेबी पद्धतीची प्रवचने ऐकून खेड्यातला माणूस पेंगतो, हे त्या मंडळींच्या ध्यानात आले आणि त्यांनी आमचे कीर्तन उचलले. वीणा, झांजा, पूर्वरंग, उत्तररंग, सारे जसेच्या तसे. आख्यान मात्र ख्रिस्ताचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर त्यात मराठी अभंगाचा प्राण ओतला, आणि अखेरीस १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही जागा असावी असे त्यांचे म्हणणे होते. कोकणातल्या त्या ब्राह्मणाच्या मनातून देवळाचे मोकळे दार काही गेले नव्हते. चर्चने कीर्तन घेतले ते घेतले. कीर्तनानेही त्या चर्चचे थोडेबहुत रूप पालटले.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते आमच्या वाचकांस ठाऊक आहेत. देश, काल आणि पात्र पाहून, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशास दिलेले ते सात्त्विक. परतफेडीची वा फळाची अपेक्षा ठेवून, मन खंतावून दिलेले ते राजस. अवहेलना करून दिलेले ते तामस. धर्मांतराची अपेक्षा मनात धरून वाटलेले औषध राजस होय, असे आम्ही कीर्तनात बेलाशक सांगतो आणि श्रोते माना डोलावतात. पण तोच निकष पुढे चालविला की माना थांबतात. सभामंडपाच्या भिंतींवर देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या लावल्याशिवाय ज्या देवळास देणगी मिळत नाही, तेथील दान कोणत्या सदरात घालावे? आणि महाप्रसादाच्या दिवशी मागल्या दाराशी ताटकळणाऱ्यांस सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले वाढतात, ते कोणत्या सदरात? मंडपातील पंगतीत बसलेल्या कोणास हे उत्तर अवघड वाटेल असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या पंढरपुराचेच पाहा. वारीच्या गर्दीत टाकून दिलेली नवजात अर्भके चंद्रभागेच्या वाळवंटात सापडत. या पापाला आळा घालण्यासाठी १८७५ साली बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले; पुढे तेच नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखले गेले. ते काढले कोणी? लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशाने. आणि चालविले प्रार्थना समाजाने, म्हणजे मूर्ती न मानणाऱ्यांनी. ज्याच्या कटीवरच्या करांकडे सारा महाराष्ट्र डोळे लावून उभा असतो, त्याच्या नगरीत टाकलेले मूल उचलण्यास मूर्तिपूजेबाहेरचा माणूस यावा लागला. पुढे १९४७ च्या मे महिन्यात याच मंदिराचे दार अस्पृश्य गणलेल्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले.

आपल्याकडे उजेड नाही असे मात्र नव्हे. गाडगेबाबा आमचेच, कीर्तनकारच. त्यांच्या हातात वीणा नव्हती, खराटा होता. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे. पैसा आला की देऊळ बांधीत नसत, धर्मशाळा बांधीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. शेगावचे उदाहरण तर आजही कोणी जाऊन पाहावे. गजानन महाराज १८७८ साली प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले ते उकिरड्यावर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतील शिते वेचून खाताना. तेथील संस्थानाचा सारा स्वभाव जणू त्या एका दर्शनातून घडला आहे: अन्नाचा कण वाया जाऊ द्यावयाचा नाही, आवार लखलखीत ठेवावयाचे, आणि गावोगावच्या सेवेकऱ्यांनी पाळीपाळीने येऊन निमूटपणे राबावयाचे. पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीच्या न्यासाने ससून रुग्णालयातील रुग्णांच्या जेवणाची सोय केली, तीही एका मिठाईवाल्याच्या नावाला शोभणारी. जेथे मूळ पुरुषाच्या चरित्रात माणसाच्या भुकेचा स्पर्श आहे, तेथील देऊळ आपोआप दाराबाहेर पाहू लागते. जेथे मूळ कथेत केवळ चमत्कार आणि नवसपूर्ती आहे, तेथे रांग वाढते, रांगेसाठी लोखंडी कठडे वाढतात आणि कठड्यांपलीकडचे गाव दिसेनासे होते.

आता पुन्हा मुळशीकडे. या तालुक्यात सांप्रत तीन तऱ्हेची देवस्थाने दिसतात. एक, जुनी ग्रामदैवते: हिंजवडीच्या म्हातोबासारखी, ज्यांच्या चैत्रातील बगाडास साऱ्या गावकीचे खांदे लागतात. दुसरी, बाहेरून येऊन डोंगरउतारांवर वसलेली अध्यात्मकेंद्रे: कोळवणचे चिन्मय विभूती, हडशीचे सत्यसाई पांडुरंग क्षेत्र. वेदान्ताच्या अध्यापनातून निघालेल्या संस्थेचा ओढा शिबिरे आणि अभ्यासवर्गांकडे असावा, हे तिच्या मूळ स्वभावाला धरूनच आहे. तिसरी तऱ्हा नव्या गृहसंकुलांच्या आवारातील मंदिरांची. फाटकावर पहारेकरी, आत गणपती. देव मोलकरणीस दिसतो तो कामाच्या वेळेपुरता. ही तिसरी तऱ्हा झपाट्याने वाढते आहे आणि तिचा स्वभाव अजून घडावयाचा आहे. संगणकाच्या कचेऱ्यांतून काम करणारी, विदर्भ-मराठवाड्यापासून बंगालपर्यंतची तरुण माणसे तेथे राहतात. त्यांच्यापाशी पैसा आहे, शिक्षण आहे, बरेचदा भक्तीही आहे. ठाऊक नाही ते एवढेच की, ज्या खोऱ्यात आपण राहतो त्याची पन्नासएक गावे पाण्यात गेली आहेत आणि त्या गावांची माणसे आपल्याच फाटकाबाहेर भाजी विकीत आहेत.

'एक्लेसिया' या शब्दाच्या तोलाचे आपल्याकडे काही आहे काय, असा विचार करता आम्हांस दिंडी आणि सप्ताह ही दोनच नावे सुचतात. दिंडी ही यादी असलेली सभा आहे. कोण चालला, कोण मागे राहिला, कोणाचे पाय सुजले, हे विणेकऱ्यास आणि चोपदारास ठाऊक असते. अखंड हरिनाम सप्ताहात तर मावळातील लहानसे गावही आश्चर्य वाटावे अशी व्यवस्था करते. आज कोणत्या आळीची पंगत, कोणाच्या घरून किती भाकरी, पहाऱ्यास कोण, टाळकऱ्यांची झोपण्याची सोय कोणाकडे, हे सारे एका वहीत लिहिलेले असते आणि सात दिवस त्यात चूक होत नाही. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होते आणि ती वही पुढल्या वर्षापर्यंत माळ्यावर जाते. ज्या गावास सात दिवस पाचशे पाने उठविता येतात, त्या गावास वर्षाचे उरलेले दिवस दहा घरांची विचारपूस करता येणार नाही, हे आम्हांस मान्य नाही.

ती दहा घरे कोणती, हे मुळशीत शोधत बसावे लागत नाही. वेशीबाहेर, ओढ्याच्या कडेला, कातकऱ्यांची वस्ती असते. सरकारच्या नोंदीत ज्या तीन जमाती महाराष्ट्रात अतिदुर्बल आदिवासी म्हणून गणल्या जातात, त्यांतील ही एक. एके काळी खैराचा कात काढणारी ही माणसे. जंगलाचे कायदे झाले, तो धंदा गेला. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांस थोडा का होईना मोबदला मिळाला. ज्यांची नावे सातबाऱ्यावर नव्हतीच त्यांस मोबदला कशाचा मिळणार? सप्ताहाच्या वहीत त्यांची आळी नसते. मिशनवाले पाड्यावर गेले तर वाईट वाटणाऱ्या कित्येक सज्जनांस त्या पाड्याची वाट विचारली तर ती सांगता येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही काही ठिकाणी विश्वस्तांस सुचविले की, यंदा रामनवमीच्या महाप्रसादास या मंडळींस मानाने पहिल्या पंगतीस बोलवा. विश्वस्त भले होते, लगेच तयार झाले, निरोप्या पाठविला. निरोप्या परत आला तो हात हलवीत. वस्तीत दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रे होते, झोपड्यांची दारे काट्यांनी बंद केलेली होती. देवळाच्या पंचांगात रामनवमी चैत्रात येते. कातकऱ्यांच्या पंचांगात दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टीवर जावयाचे आणि पाऊस तोंडावर आला की परतावयाचे. रामजन्म, हनुमानजयंती, गावची जत्रा, सप्ताह, गावाचे सारे सण पडतात नेमके त्या सहा-सात महिन्यांत, जेव्हा ही माणसे पोराबाळांसह भट्टीवर विटा थापीत असतात. मुले आईबापांबरोबर जातात म्हणून शाळाही सुटते ती अर्ध्यावर.

तेव्हा पंगत देवळाच्या मंडपात बसवून भागणार नाही. या नवमीस दुपारी बारा वाजता जन्माचा गजर झाल्यावर सुंठवड्याचे डबे आणि शिधा घेऊन चार तरुणांनी भट्टीवर जावे, तेथे कोणत्या गावची किती कुटुंबे आहेत, किती मुले शाळेच्या वयाची आहेत, कोण आजारी आहे, कोणाच्या अंगावर किती उचल आहे, हे सप्ताहाच्या त्याच वहीत लिहून आणावे. कोणास काही शिकवू नये, कोणाकडून काही वदवून घेऊ नये. पुढल्या एकादशीस तीच वही घेऊन पुन्हा जावे. भट्ट्या बहुधा नदीकाठी असतात, कारण विटांस माती आणि पाणी लागते; मुळेच्या काठाकाठाने गेले की वाट चुकत नाही.